डीकलखालची चांदी आणि पावसाळ्यातलं पांढरं: हिरव्या रणगाड्यावर दरवेळी उमटणारा डाग

किटमधून जोडलेल्या प्लास्टिकच्या रणगाड्यावर गडद ऑलिव्ह ग्रीन रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरांची डीकल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून मॉडेलवर सरकवायची पातळ छापील खूण. रात्री ट्यूबलाइटखाली सगळं व्यवस्थित बसलेलं दिसतं. सकाळी मॉडेल खिडकीशी न्यावं, तर प्रत्येक खुणेभोवती चंदेरी चौकोन चमकत असतो. वरून मॅट वार्निश मारलं की जाईल, असं आपल्याला वाटतं. आपण मारतो, आणि तो चौकोन कायमचा आत अडकतो. किंवा त्याहून वाईट होतं: चौकोन राहतोच आणि वर अख्ख्या गाडीवर धुक्यासारखी पांढुरकी झाक येते.

माझ्या तीन मॉडेलांवर हे झालं. पहिल्या दोन वेळी मी डीकलला दोष दिला, तिसऱ्या वेळी वार्निशला. चूक निदानात होती. पांढरं दिसण्याची चार वेगवेगळी कारणं आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला घातक ठरतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार. म्हणून आधी पांढरं नेमकं कुठे आहे ते ओळखायचं, वार्निशची बाटली त्यानंतरच उघडायची.

उदाहरणासाठी मी ज्या गाडीवर हे सगळं शिकलो तीच घेतो. १/३५ प्रमाणातला सेंच्युरियन रणगाडा, पूना हॉर्स रेजिमेंटचा, डिसेंबर १९७१.

ही रेजिमेंट १८१७ ची, नावातच पुणं असलेली. १९६५ साली तिचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ साली सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं आणि दोघंही सेंच्युरियनमधून लढले. खेत्रपाल खडकवासल्याच्या एनडीएतून घडलेले. १६ डिसेंबर १९७१ ला, शकरगढ भागातल्या बसंतर नदीकाठच्या लढाईत ते पडले तेव्हा वय होतं २१. त्यांच्या रणगाड्याचं नाव ‘फामागुस्ता’. अशा गाडीचं मॉडेल करताना नाव आणि खुणा हीच तिची ओळख असते. बाकी पत्रा, चाकं, साखळी सगळ्या सेंच्युरियनना सारखीच. त्या नावाभोवतीच चंदेरी चौकोन उमटला तर पाहणाऱ्याची नजर नेमकी तिथेच अडखळते. माझी अडखळली, म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी ओला ब्रश फिरवा

मऊ ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवा, पांढऱ्या भागावर फिरवा आणि तो भाग ओला असतानाच दिव्याखाली तिरका धरून बघा.

ओलं केल्यावरही चमक तशीच राहिली, आणि ती डीकलच्या पारदर्शक कडेच्या आतच असली, तर ती चांदी. डीकलच्या फिल्मखाली हवा अडकली आहे. तुमचं पाणी फिल्मच्या वर आहे, हवा खाली, म्हणून पाण्याने काही फरक पडत नाही.

ओलं असताना पांढरेपणा गेला आणि वाळल्यावर पुन्हा आला, आणि तो डीकलपुरता नसून सगळीकडे पसरलेला असला, तर दोष वार्निशचा. एक तर दमट हवेत वार्निश पांढरं पडलं, नाहीतर मॅट वार्निशची बाटली नीट न ढवळता वापरली आणि तळाची पावडर एकदम वर आली.

पांढरं डीकलभोवती कड्याच्या आकारात असलं, चहाच्या कपाखाली बशीत राहतं तसं, आणि ओल्या इअरबडने पुसलं जात असलं, तर ते पाण्यातले क्षार. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना हे हमखास होतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर गॅरेजमध्ये स्वस्तात मिळतं, डीकलसाठी तेच वापरा. हा प्रश्न एवढ्यावर संपतो.

चौथं कारण सुपरग्लू. फोटो-एच, म्हणजे रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याच्या जाळ्या किंवा हँडल चिकटवल्यावर सांध्याच्या आजूबाजूला पिठूळ पांढरी वाफ बसते. तिचा डीकलशी संबंध नाही, पण डीकल जवळ असलं की दोष त्याच्यावर येतो. जागा पुसून ग्लॉसचा एक हात दिला की ती दिसेनाशी होते. पुढच्या वेळी ग्लू टोचणीच्या टोकावर घ्या आणि वाळेपर्यंत समोर पंखा हळू चालू ठेवा, वाफ साचत नाही.

चांदी का येते

मॅट रंग हाताला गुळगुळीत लागला तरी भिंगाखाली तो खडबडीत असतो. मॅट दिसतो तोच त्या खडबडीमुळे. डीकलची फिल्म त्या उंचवट्यांवर तंबूसारखी ताणून बसते आणि खालच्या खड्ड्यांत हवा राहते. प्रकाश त्या हवेवरून परततो तो चंदेरी दिसतो. फिक्या वाळवंटी रंगावर हे खपून जातं, गडद हिरव्यावर लपत नाही.

सेंच्युरियनच्या बाबतीत आणखी एक अडचण. त्याचा टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, ओतीव पोलादाचा, म्हणून त्याचा पृष्ठभाग मुळातच खरबरीत. तो पोत आणण्यासाठी आपण पुट्टी पातळ करून आखूड केसांच्या ब्रशने ठोकतो. दिसायला ते फार छान दिसतं. पण त्याच पोतावर डीकल लावायला गेलात तर चांदी येणारच. टरेटच्या बाजूंना सामानाच्या पेट्या आहेत, त्या सपाट पत्र्याच्या. पोत देताना त्या पेट्या, आणि जिथे खूण येणार ती प्रत्येक जागा, आधीच टेपने झाकून ठेवा. हे खुणा लावताना लक्षात आलं तर उशीर झालेला असतो. म्हणून खुणा कुठे येणार हे पुट्टीचा डबा उघडण्याआधी कागदावर काढून ठेवा.

दुसरं कारण घरचं छापकाम. माझ्या किटच्या डब्यात भारतीय खुणांची शीट नव्हती, म्हणून मी कोऱ्या डीकल-कागदावर लेझर प्रिंटरने छापून घेतल्या. विकतच्या चांगल्या शीटवर पारदर्शक फिल्म फक्त अक्षरांभोवती असते. घरच्या कागदावर ती सलग पसरलेली असते आणि जाडही असते. जितकी रिकामी फिल्म तितकी चांदी. म्हणून अक्षराच्या अगदी कडेने नव्या ब्लेडने कापून घ्या. इंकजेटवर छापणार असाल तर आधी वरून पारदर्शक वार्निशचे दोन पातळ हात द्या, नाहीतर पाण्यात बुडवताच शाई वाहून जाते. आणि साधे प्रिंटर पांढरा रंग छापतच नाहीत, पारदर्शक कागदावर पांढऱ्या अक्षराच्या जागी काहीच उमटत नाही. याकडे शेवटी परत येतो.

तिसरं कारण साधं आणि फार दुर्लक्षित: डीकल पाण्यात तरंगत ठेवणं. त्याच्या मागचा डिंक पाण्यात विरघळतो. दहा-पंधरा सेकंद बुडवा, चिमट्याने बाहेर काढून टिश्यूवर ठेवा आणि मिनिटभर थांबा. कागदावरून सरकायला लागलं की लावा. फोन संपेपर्यंत वाटीत पडून राहिलेलं डीकल डिंक हरवून बसतं, मग खाली हवा शिरायला मोकळी वाट.

पुढच्या वेळी येऊ नये म्हणून

रंग पूर्ण वाळल्यावर ग्लॉसचे दोन पातळ हात. मी टमियाचं एक्स-२२ त्यांच्याच थिनरमध्ये पातळ करून एअरब्रशने मारतो. एअरब्रश नसेल तर व्हॅलेजोसारखं पाण्यातलं ग्लॉस रुंद मऊ ब्रशने, फक्त खुणांच्या जागी लावलं तरी चालतं. पुरेसं झालं की नाही याची खूण अशी: मॉडेल ट्यूबलाइटखाली धरा आणि त्या जागेत ट्यूबचं प्रतिबिंब शोधा. प्रतिबिंबाची कड सरळ आणि स्वच्छ दिसली तर डीकल लावायला हरकत नाही. कड विस्कटलेली, दाणेदार दिसली तर अजून एक हात. दुकानदाराने कितीही महागडं सोल्यूशन दिलं तरी या कडेला पर्याय नाही, हे मी आता ठामपणे सांगतो.

मग चोवीस तास थांबा. पावसाळ्यात अठ्ठेचाळीस.

लावताना जागेवर आधी सेटर, म्हणजे डीकल नीट चिकटायला मदत करणारं द्रव, लावा. मायक्रो सेट किंवा मिस्टर मार्क सेटर, जे मिळेल ते. ते हाताशी नसलं तर स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून वापरता येतं, त्याचं काम सौम्य पण होतं. डीकल सरकवून जागेवर आणा, ओल्या इअरबडने मधून कडेकडे पाणी दाबून काढा. मग वरून फिल्म मऊ करणारं सॉफ्टनर, म्हणजे मायक्रो सोल किंवा मिस्टर मार्क सॉफ्टर. सॉफ्टनर लागल्यावर डीकल आक्रसतं, सुरकुत्या पडतात आणि काळजात धस्स होतं. हात लावू नका. फिल्म त्या वेळी सायीइतकी नाजूक असते, बोट लागलं की फाटते. अर्ध्या तासात ती आपोआप ताणून बसते आणि खालच्या खिळ्यांचे, सांध्यांचे आकार वर उठून दिसायला लागतात. घरी छापलेल्या डीकलवर हे आधी एका टाकाऊ तुकड्यावर करून बघा. काही कागदांची फिल्म सॉफ्टनरला अजिबात जुमानत नाही, काही विरघळून जाते.

आलीच असेल तर

वरून वार्निश मारलेलं नसेल तर तुमचं नशीब चांगलं. बारीक सुई किंवा नव्या ब्लेडचं टोक घ्या आणि चंदेरी भागावर पाच-दहा बारीक भोकं पाडा. वरून सॉफ्टनरचा थेंब सोडा, तो भोकांतून आपणच आत ओढला जातो आणि हवा बाहेर पडते. पाच मिनिटांनी ओला इअरबड वरून सरळ खाली दाबा. घासू नका. रात्रभर ठेवा, सकाळी बघा. मला चार रात्री लागल्या होत्या, दर रात्री चौकोन थोडा लहान होत गेला.

एवढं करूनही ठिपके उरले तर मूळ हिरवा रंग दुधाच्या पाण्याइतका पातळ करा आणि त्याच भोकांशी टेकवा. रंग खाली शिरतो, हवेची जागा हिरव्या रंगाने भरते आणि चांदी दिसेनाशी होते. वर सांडलेला रंग लगेच पुसून घ्या. अक्षरांच्या आतल्या भागासाठी हे करू नका, तिथे पांढऱ्याखाली हिरवी झाक दिसते.

वरून मॅट वार्निश बसलेलं असेल तर सॉफ्टनर त्यातून आत जात नाही. तेव्हा दोनच मार्ग. चमक फक्त पारदर्शक कडेत असेल तर बारीक ब्रशने त्या कडेवर मूळ हिरवा रंग, अगदी पातळ, दोन-तीन हातांत चढवा. चमक अक्षराखालीच असेल तर वाईट वाटून न घेता ते डीकल काढा. मास्किंग टेप दाबून ओढली की बहुतेक वेळा निघून येतं. जागा बारीक ओल्या पॉलिश पेपरने घासा, रंग, ग्लॉस, पुन्हा पहिल्यापासून. एक संध्याकाळ जाते, पण मॉडेल वर्षानुवर्षं समोर राहणार असतं.

चिखल फासून डाग झाकायचा सल्ला खूप जण देतात. शकरगढच्या शेतांतून गेलेल्या गाडीवर चिखल असणारच, पण तो चाकांवर, साखळीवर आणि खालच्या हलवर, म्हणजे गाडीच्या मुख्य सांगाड्यावर. नावाच्या अक्षरांवर, तेही नेमका चौकोनी, चिखल कसा बसेल? खरी गाडी दाखवायची असेल तर चिखलाला त्याच्या जागीच राहू द्या.

जुलैमधलं धुकं

आता वार्निश पांढरं पडण्याबद्दल, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर हाच खरा शत्रू.

स्प्रे कॅनमधलं किंवा लॅकर थिनरमधलं वार्निश झपाट्याने उडतं. उडताना पृष्ठभाग थंड होतो, उन्हाळ्यात माठ थंड होतो तसाच. हवा दमट असली तर त्या थंड पृष्ठभागावर बाष्प जमतं आणि ओल्या वार्निशमध्ये कोंडतं. तेच आपल्याला दुधाळ दिसतं.

माझ्या हातून झालेलं सांगतो. पुण्यातला जुलै, दोन दिवस झड. पावसापासून जपायचं म्हणून मॉडेल एसीच्या खोलीत ठेवलेलं. वार्निशचा वास घरात नको म्हणून ते उचललं, थेट गॅलरीत नेलं आणि लगेच स्प्रे मारला. सगळ्यात आधी पांढरी पडली ती तोफेची नळी. ती मी वेगळी विकत घेतलेली, ॲल्युमिनियमची भरीव. प्लास्टिकच्या पातळ भागांपेक्षा तिच्यात एसीचा गारवा जास्त वेळ टिकून होता. दोन मिनिटांत ती चुन्यात बुडवल्यासारखी झाली, मग टरेटचा माथा, मग मागचं इंजिन डेक. गार वस्तू दमट हवेत नेली की काय होतं ते फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर रोज दिसतं. वार्निश नसतं मारलं तरी नळीवर दव जमलंच असतं.

तेव्हापासूनचा माझा नियम: भिंतीवर लावायचा साधा आर्द्रतामापक कामाच्या टेबलावर असतो. काटा सत्तरच्या वर असला तर लॅकर बंद. मॉडेल, कॅन आणि मी, तिघंही एकाच खोलीत किमान तासभर असल्याशिवाय स्प्रे नाही. पाण्यातलं ॲक्रिलिक वार्निश एसी ‘ड्राय’वर ठेवून खोलीत मारता येतं, तेही मास्क लावून. लॅकर मात्र बंद खोलीत कधीच मारू नका, त्याची वाफ फुप्फुसांना आणि डोक्याला वाईट. त्याला मोकळी हवा हवी आणि कोरडी हवा हवी. पावसाळ्यात ही दोन्ही एकत्र मिळत नाहीत, तर ऑक्टोबरपर्यंत थांबा. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्या मित्रांना मी तर सरळ सांगतो, पावसाळाभर जोडकाम करा, चाकं घासा, साखळीच्या कड्या जोडत बसा.

पांढरं पडलंच असेल तर कोरड्या दिवसाची वाट बघा. लॅकर असेल तर त्याच्या थिनरमध्ये थोडं रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) घालून लांबून अगदी हलका फवारा द्या. वरचा थर क्षणभर मऊ होतो, कोंडलेलं पाणी उडून जातं, पारदर्शकपणा परत येतो. खाली डीकल असतील तर हा फवारा खरोखरच धुक्याइतका हलका हवा, ओला थर बसला तर डीकल सुरकुततात. पाण्यातल्या ॲक्रिलिकचं मॅट पांढरट झालं असेल तर ग्लॉसचा एक हात द्या, पांढरं नाहीसं होतं. मग बाटली तळापासून नीट, निदान दोन मिनिटं ढवळून पुन्हा पातळ मॅट.

तरी प्रश्न उरतो तो अक्षरांचा

मी अहमदनगरला, आता अहिल्यानगरला, कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये वही घेऊन गेलो होतो. आर्मर्ड कोअरने १९९४ मध्ये उभं केलेलं हे संग्रहालय किट जोडणाऱ्याने एकदा तरी बघावं. खिळे कुठे आहेत, जोड कसा दिसतो, ओतीव पोलादाचा खरबरीतपणा केवढा, हे तिथे हाताच्या अंतरावरून कळतं. सेंच्युरियनच्या हलची रुंदी जवळजवळ ३.४ मीटर, म्हणजे १/३५ मध्ये ९७ मिलिमीटर. ती प्रत्यक्ष गाडी शेजारी उभी असली की मॉडेलवरचा पोत आपण नेहमी जरा जास्तच जाड करतो हे लगेच लक्षात येतं. पण तिथल्या रंगावरून १९७१ चा रंग ठरवू नका. संग्रहालयातल्या गाड्या देखभालीसाठी पुन्हा पुन्हा रंगवल्या जातात. आकार तिथून घ्या, खुणा त्या काळच्या छायाचित्रांतून.

तोफेचीही तीच गोष्ट. पूना हॉर्सचे सेंच्युरियन वीस पौंडी, म्हणजे ८४ मिलिमीटरच्या तोफेचे. किटमध्ये १०५ मिलिमीटरची नळीही असली तर ती बाजूला ठेवा. डीकल कितीही निर्दोष बसलं तरी चुकीच्या नळीखाली ते नाव शोभत नाही.

खऱ्या गाडीवरची अक्षरं ही माणसाने ब्रशने किंवा स्टेन्सिलने रंगवलेली असतात. त्यांना फिल्म नसते, म्हणून चांदीही नसते. हे सुचल्यावर नावापुरतं मी डीकल सोडूनच दिलं. घरच्या प्रिंटरला पांढरं छापता येत नाही ती अडचणही त्यात सुटली.

पाटी रंगवणारे पेंटर करतात तसंच करायचं. समजा अक्षर खऱ्या गाडीवर १५ सेंटिमीटर उंच असेल, तर आपल्याला सव्वाचार मिलिमीटर मिळतात. ग्लॉस मारलेल्या जागेवर टेपच्या दोन बारीक पट्ट्या लावून वरची आणि खालची रेघ बांधून घ्या. पांढऱ्यात मातकट रंगाचा एक थेंब घाला, शुद्ध पांढरा एवढ्या लहान आकारात डोळ्यांवर येतो. तीन शून्याच्या, म्हणजे अगदी बारीक ब्रशने अक्षरं मुद्दाम जराशी जाड काढा. कडा वाकड्या आल्या तरी पुढे जा. अर्ध्या दिवसाने मूळ हिरवा रंग घ्या आणि तोच ब्रश अक्षराच्या बाहेरून, मग आतल्या पोकळीतून फिरवत जाड भाग कापत आणा. पहिल्या अक्षराचा दांडा आधी सरळ करा, त्याच्या मापाने बाकीचे. टेप काढताना ती पृष्ठभागावर परत दुमडून, अगदी सपाट कोनात ओढा. वर मॅटचा एकच पातळ हात, आणि तो कोरड्या दिवशी.